मागची भिंत मोजायची राहिली

दादाला आता घरी न्या, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच, मला भीती वाटली.

दादा म्हणजे माझे वडील. मिठागरांकडच्या आमच्या गावात बापाला दादा म्हणतात आणि सरळ अरे-तुरे करतात. लग्नानंतर सासूबाईंनी मला फोनवर बापाशी बोलताना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या कणीक मळायच्या थांबल्या होत्या. तर दादाची छाती भरली होती, न्यूमोनिया झाला होता, आणि त्यात आयसीयूमध्ये त्याला भ्रम झाला. नर्सला सांगायचा, "भरती चढली, फाटक उघडा, पानी आत घ्या." सगळा जन्म मिठागरात गेला, तेच डोक्यात. तेवढं असतं तर मी हसून सोडलं असतं. पण एका सकाळी मी त्याचं तोंड पुसत होते, तर माझ्याकडे बघून अगदी नम्रपणे म्हणाला, "तुम्ही कोनाच्या?"

पुढे भ्रम उतरला. मला ओळखायला लागला, जावयाला ओळखायला लागला. पण एक भीती मात्र त्याच्यात राहून गेली, स्वतःचीच. मधेच मला जवळ बोलवायचा आणि नर्सला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारायचा, "बाय, आज वार कोनता?" मी सांगितलं की मान हलवायचा. "मीबी तोच म्हनत होतो." परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा त्याचा चेहरा व्हायचा, आणि मला बाहेर जाऊन रडू यायचं.

घरी न्यायचं तर कसं न्यायचं, यावर दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरी भिंतींना ओल आहे का?" मी म्हटलं, ओल काय, लोणा आहे, भिंतीतून मीठ फुटून भुकटी गळते. "मग त्या खोलीत अजिबात ठेवू नका. ती धूळ छातीत गेली की पुन्हा इथंच आणाल." आणि भ्रमावर उपचार करणारे दुसरे डॉक्टर म्हणाले, "त्यांना त्यांच्याच खोलीत ठेवा. काही बदलू नका. ओळखीच्या खुणा धरूनच माणूस सावरतो. आणि पुन्हा भ्रमाची लक्षणं दिसली तर लगेच घेऊन या." म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. वसईतल्या आमच्या फ्लॅटवर न्यायचं तर दादानं आधीच सांगून टाकलं होतं, "माझ्या खोलीत नेत असशील तर उठतो. नाय तर हितंच ठेव."

त्याची खोली म्हणजे कामणच्या अलीकडे आमचं जे गाव आहे, तिथल्या घराची मागची खोली. माझं लग्न झाल्यावर दादानं ती वाढवली. खाडीची रेती वापरली, ती धुतली किती आणि नाही किती, देव जाणे. तेव्हापासून त्या भिंतींतून मीठ बाहेर येतंय. दर दिवाळीला रंग द्यायचा, दर शिमग्याला त्याचे पापुद्रे निघायचे. पांढरी भुकटी खाटेवर, उशीवर, पाण्याच्या तांब्यावर. आई होती तोवर रोज सकाळी कुंच्यानं झाडायची. ती गेल्यावर कोण झाडणार?

नवऱ्यानं तोडगा काढला. भिंतींच्या आतून जिप्समचे बोर्ड मारून घ्यायचे. पत्र्याचा सांगाडा, त्यावर बोर्ड, सांध्यांना टेप आणि पुट्टी. जुनी भिंत मागे झाकली जाते, भुकटी आत येत नाही. साधा पांढरा बोर्ड नको, ओल सोसणारा हिरवा घ्यायचा. वरून रंग पूर्वीचाच द्यायचा, निळा. खाट तिथंच, कपाट तिथंच, कोठी तिथंच. "दोन्ही डॉक्टर खूश," नवरा म्हणाला. या माणसाला कशाचंच टेन्शन येत नाही, त्यामुळे त्याच्या वाटणीचंही मलाच घ्यावं लागतं.

बोर्ड किती लागतील हे काढायला मी स्वतः गेले. मी ऑफिसात अकाउंट्सला आहे, आकडा दुसऱ्यानं काढलेला मला चालत नाही. खोली सामानानं गच्च. दरवाज्याकडची भिंत तेवढी मोकळी होती, ती मोजली: दहा फूट. उजवीकडची मोजली: चौदा. उंची नऊ. मागच्या भिंतीला लोखंडी कपाट, भाताची कोठी, आईच्या ट्रंका एकावर एक. ते हलवायचं कोण? समोरची दहा तर मागचीही दहाच असणार. खोलीच आहे ना, का होडी आहे? दहा आणि चौदा चोवीस, दुप्पट अठ्ठेचाळीस, गुणिले नऊ. त्यातून दरवाजा वजा, खिडकी वजा. एक बोर्ड सहा बाय चारचा, म्हणजे चोवीस चौरस फूट. भागाकार केला, कापाकापीत वाया जाईल त्याचे दहा टक्के वर धरले. एकोणीस बोर्ड.

संध्याकाळी बोर्ड मारणारा कारागीर आला. नालासोपाऱ्याचा, तोंडानं भारी गोड, अर्नाळ्याच्या एका रिसॉर्टचं काम अर्धं सोडून आमच्याकडे येणार होता. मी माझा आकडा मुद्दाम सांगितला नाही, त्याची परीक्षा घ्यायची होती. त्यानं टेप काढली, दरवाज्याची भिंत मोजली, बाजूची मोजली, मागच्या कपाटाकडे एक नजर टाकली आणि मोबाइलवर बोटं मारली. "ताई, एकोणीस." दोघांचा आकडा जुळला म्हटल्यावर मी निर्धास्त झाले. दोघं एकच चूक करू शकतात हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

बोर्ड कामणच्या एका गोदामातून आले. उतरवताना एकाचा कोपरा फुटला, तो अर्धाच कामाचा राहिला. मी कारागिराला बोलले, तो टेम्पोवाल्याला बोलला, टेम्पोवाला कुणाला बोलणार, तो तंबाखू मळत बसला. काम सुरू झालं. सामान एका बाजूचं दुसऱ्या बाजूला ढकलत एकेक भिंत मारायची, असं चाललं होतं. दरवाज्याची झाली. उजवीकडची झाली. मग मागची. मी रोज सकाळी दवाखान्यात, दुपारी गावाला, आणि मधल्या रस्त्यात कंटेनरच्या मागे अडकलेली. दादाला काही सांगितलं नव्हतं. उगाच त्याच्या जिवाला घोर नको.

डिस्चार्जच्या आदल्या दुपारी मी गावाला पोचले तर कारागीर मागच्या भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभा. बोर्ड उजव्या कोपऱ्यातून सुरू करून दहा फुटांपर्यंत आला होता. आणि भिंत संपलेलीच नव्हती! जमिनीपासून छतापर्यंत जुन्या भिंतीचा एक पट्टा उघडा होता, चांगला दोन फुटांहून रुंद, आणि त्यावरून लोणा हसत होता.

"ताई," तो म्हणाला, "तुमची खोली गोमुखी आहे."

माझं धाबं दणाणलं. गोमुखी म्हणजे पुढून अरुंद आणि मागून रुंद, गाईच्या तोंडासारखी. जागा तशी असली तर शुभ म्हणतात. आणि मग मला आठवलं. खोली वाढवताना आईनंच धरलेला हट्ट: घर मागं रुंद पाहिजे, म्हणजे आलेलं टिकतं. दादानं डावी भिंत तिरकी काढली आणि अख्खं घर गोमुखी करून दिलं होतं. इतकी वर्षं मी त्या खोलीत येतेय, जेवतेय, लोळतेय, पण माहेरी आलेली पोरगी भिंती कशाला बघेल? मागचा कोपरा आधी आईच्या खाटेनं, ती गेल्यावर कोठीनं आणि ट्रंकांनी भरलेला.

आता पुढं काय? डावी भिंत अख्खी राहिली होती आणि उरलेले बोर्ड जेमतेम तेवढ्यालाच पुरणार होते. त्या पट्ट्याला दीड बोर्ड कमी. गोदामात फोन केला, हिरवा माल संपला, आता आठवड्यानं, पुढच्या सोमवारी. भिवंडीपर्यंत फोन झाले. पांढरा पाहिजे तेवढा, हिरवा नाही. पांढरा मारला तर ओल पिऊन फुगणार. पट्टा उघडा ठेवला तर नेमका खाटेच्या डोक्याशी लोणा. प्लास्टिक चिकटवू म्हटलं, तर भुकटीवर टेप धरेना. दादाला तोवर दवाखान्यातच ठेवा म्हणून फोन केला, तर बेड उद्यापासून दुसऱ्या पेशंटला दिलेला. मी कोठीवर बसले आणि चक्क हातपाय गाळले.

कारागीर म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ. डावी भिंत सरळ मारतो. पुढून दहा, मागून दहा. तिरकी भिंत मागे राहील, आत त्रिकोणी पोकळी. बोर्ड बरोबर पुरतात. खोली उलट चौकोनी दिसेल, मस्त."

म्हणजे खोलीचा हिशोब चुकला, तर खोलीच हिशोबाला जुळवायची. मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "दोन फुटांनी काय होतंय? दादांच्या लक्षातही येणार नाही." मला दुसऱ्या डॉक्टरांचे शब्द आठवत होते, काही बदलू नका. पण पहिल्या डॉक्टरांचे शब्दही आठवत होते. श्वास आधी, बाकी सगळं मागून, असं मी स्वतःला बजावलं आणि म्हटलं, "मारा."

दिवेलागणीपर्यंत भिंत उभी राहिली. निळा रंग दिला, पंखे लावून वाळवला, फरशी तीनदा पुसली. कोठी आणि ट्रंका आता बसेनात, त्या पुढच्या खोलीत गेल्या. खाट मात्र बसली. खोली खरंच नीटनेटकी दिसत होती. मला ती बघवत नव्हती.

दादा आला. जावयाच्या खांद्यावर हात टाकून उंबऱ्यात उभा राहिला. माझे डोळे त्याच्या तोंडावर. त्यानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे बघितलं. मग म्हणाला, "बरी केली खोली," आणि खाटेवर आडवा झाला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. नवऱ्यानं भुवया उडवल्या, म्हणजे, बघ, म्हटलं नव्हतं?

पण चोराच्या मनात चांदणं. मी ऑफिसात रजा टाकून तिथंच राहिले होते आणि सारखी त्याच्याकडे बघत होते. खोकला कमी होता, श्वास बरा चालला होता. तरीही दादा दिवसेंदिवस आत आत जात होता. पेज अर्धी टाकायचा. शेजारचे कुणी भेटायला आले की डोळे मिटून घ्यायचा. आणि वार विचारायचं त्यानं बंद केलं. आधी मला बरं वाटलं. मग कळलं की त्याला उत्तराचीच भीती वाटायला लागली असणार.

एका दुपारी मी भांडी घासून खोलीत डोकावले आणि जागच्या जागी थिजले. दादा पाठीवर पडला होता, डोळे उघडे, आणि एक हात हवेत धरून वीत वीत सरकवत होता. खाटेच्या कडेपासून भिंतीपर्यंत. मग पुन्हा खाटेकडून सुरुवात. ओठ हलत होते. आयसीयूत अगदी असाच हात हलवायचा तो, फाटक उघडताना. मी बाहेर जाऊन भ्रमाच्या डॉक्टरांना फोन लावला. हात कसा हलतोय ते सांगितलं. ते म्हणाले, "लक्ष ठेवा. संध्याकाळी मी फोन करतो. तसंच असेल तर ॲडमिट करू." ॲडमिट! मला वाटलं, संपलं. आता गेला की हा माणूस परत मला ओळखणार नाही.

पदरानं तोंड पुसून आत गेले. म्हटलं, "दादा, काय करतोस?"

त्यानं हात झटकन पोटावर ठेवला. पकडला गेल्यासारखा. "काय नाय."

मी खाटेवर बसले. मग नर्सला ऐकू जाऊ नये म्हणून काढायचा तोच आवाज काढून म्हणाला, "बाय, एक विचारतो. कोनाला सांगू नको. डाक्तरला तर नकोच."

"नाही सांगत."

"हितं तुझ्या आईची खाट होती ना?" त्यानं डाव्या भिंतीकडे बोट केलं. "माझी हितं, तिची तिथं. मधे पान्याच्या तांब्याचं स्टूल. मी सारखा मोजून बघतो. दोन खाटा बसतच नाय. कितीबी मोजलं तरी नाय बसत. मग ती झोपायची कुठं?" त्यानं माझं मनगट धरलं. "का ती हितं झोपतच नव्हती? मलाच आपलं वाटतं?"

म्हणजे उंबऱ्यातच त्याला कळलं होतं. डावीकडे दोनदा बघितलं होतं त्यानं! आणि खोली बदलली असं म्हणायच्या ऐवजी तो गप्प बसला, कारण त्याला वाटलं बदलला तो स्वतः. मी श्वास आधी, श्वास आधी म्हणत बसले, आणि इकडे हा माणूस वितीवितीनं आपली बायको हरवत चालला होता.

"दादा, खोली मी लहान केली," मी म्हटलं. "बोर्ड कमी पडले. मी मागची भिंत मोजलीच नव्हती. ही भिंत खोटी आहे. तुझी भिंत हिच्या मागं आहे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. विश्वास नव्हताच. पोरगी बापाची समजूत काढतेय, एवढंच त्याला त्यात दिसत होतं. दवाखान्यात आम्ही सगळे त्याच्याशी तसेच बोलायचो ना, हो दादा, खरंय दादा. मी भिंत वाजवून दाखवली, पोकळ वाजली. पण आता चारही भिंती पोकळच वाजत होत्या, त्यात काय मोठंसं!

मग मात्र माझी सटकली. त्याच्यावर नाही, माझ्यावर. स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरायची सुरी आणली. दादाच्या नाकातोंडावर मास्क चढवला. म्हटलं, "हलू नको." आणि त्या नव्या कोऱ्या निळ्या भिंतीत, मागच्या कोपऱ्याशी, सुरी खुपसली. जिप्सम कापायला सोपा असतो, रागानं तर फारच सोपा. ताटलीएवढं भोक पाडलं, तुकडा बाहेर ओढला. दादाला उठवून बसवलं, खाट भोकाशी सरकवली आणि मोबाइलची बॅटरी आत धरली.

आत ती होती. जुनी, तिरकी, पापुद्रे निघालेली. लोणा धरून पांढरी पडलेली. दादानं डोकं खाली केलं, भोकाशी डोळा नेला. कितीतरी वेळ तो बघत राहिला. मी भोकाकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघत होते, उजेड भलतीकडेच गेला.

"नीट धर की गो," तो मास्कातून ओरडला. मग एकदम म्हणाला, "खिळा."

"कसला खिळा?"

"तिच्या मच्छरदानीचा. मीच ठोकला होता. वाकडा गेला म्हनून तिनं चार दिवस ऐकवलं मला." मी वाकून बघितलं. होता. गंजलेला, वाकडा, नाडीचं एक लाल टोक अजून त्याला अडकलेलं.

दादा खाटेवर मागे टेकला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते मास्कच्या कडेत जिरत होतं. म्हणाला, "हाय म्हनजे ती जागा."

"आहे, दादा."

"मग मी ठीक हाय ना, बाय?"

"तू ठीक आहेस. तू अगदी ठीक आहेस." आणि मी भोकाड पसरलं. आईच्या मयताला नव्हते रडले एवढी रडले.

"बस झालं," तो म्हणाला. "भोक बुजव आधी, धूळ येते. आनि सोमवारी बोर्ड आले की ही भिंत पाडायची. दोन खाटा बसल्या पायजेत. कोन झोपो ना झोपो." मग जरा थांबून, "अकाउंटला हायेस ना गो तू? आनि भिंत नाय मोजलीस?"

मी भोकावर टेपच्या चार पट्ट्या मारल्या. त्यानं पेज मागितली, सोबत सुकट भाजून मागितली. सुकटीचा धूर छातीला बरा नाही म्हटलं तर म्हणाला, दार लावून भाज. सगळी पेज संपवली आणि वाडगा खाली ठेवता ठेवता सहज विचारावं तसं विचारलं, "आज शुक्रवार ना?" शुक्रवारच होता.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. म्हणाले, "कसे आहेत? अजून काही भास होतायत का?"

मी म्हटलं, "नाही हो डॉक्टर, त्यांना भास नाहीच. खोलीच दोन फुटांनी लहान झाली आहे."

मग डॉक्टर फार हळुवारपणे म्हणाले, "ताई, तुमची झोप होतेय ना नीट?"